खाटेखालची पिशवी

"दर वर्षी हे लचांड माझ्याच खाटेखाली," शेजारच्या काकू वाकता वाकता पुटपुटल्या. "गुडघे माझे नि नवरा हिचा."

तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पिशवीत त्याच्या चपला होत्या, पट्टा होता, वर इस्त्रीचा निळा शर्ट. सरकारी तपासणीच्या बाई अकराला यायच्या होत्या.

"काकू, विचारलं तर सांगाल ना? ते इथे राहत नाहीत म्हणून?"

"सांगेन हो. त्यात मला काय जड जायचंय!" काकू म्हणाल्या, आणि सरळ असलेली चादर उगाच सरळ करत बसल्या.

नवऱ्यानं सोडलेल्या बाईच्या मुलीला एका मोठ्या खासगी शाळेत सरकारी खर्चानं जागा मिळते, ही बातमी तिच्या नवऱ्यानंच आणली होती. "कागदावरच तर वेगळं व्हायचंय. दोन सह्या, झालं! मी कारखान्याजवळ खोली घेतो नि मागच्या दारानं येत जातो." मुलगी तेव्हा पहिलीत जायची होती. आता चौथीत होती आणि आईच्या चुका काढायला लागली होती, म्हणजे शाळा चांगलीच असणार.

मागच्या दाराला ती कडी लावत नसे.

लाँड्रीत दिवसभर ती परक्यांच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि शनिवारी घरी येऊन त्याच्या शर्टाला. इतक्यांदा इस्त्री फिरली होती की घडीच्या रेघेवर निळा रंग पांढुरका पडला होता.

घरी मुलगी वेणी घालत बसली होती. "मी खोटं बोलणार नाही," तिनं आरशातूनच सांगितलं. "दर वर्षी तूच सांगतेस ना? तूच सांग."

"या वर्षी मुलांनाही विचारणार आहेत, राणी. एकच वाक्य. बाबा इथे येत नाहीत. एवढंच."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर उद्यापासून शाळा बंद. तुझं ते वाचनालय बंद, मैत्रिणी बंद. आणि मी परत तोंड वर करून कुणाकडे जागा मागू?"

मुलीनं वेणीला रिबन करकचून आवळली.

बाई अकराला दहा कमी असतानाच आल्या. नाकावर चष्मा, काखेत फाइल. त्यांनी कपाट उघडून पाहिलं, दोरीवरचे कपडे पाहिले, मोरीतले टूथब्रश मोजले. दोनच. तिचा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात बाईंनी मोरीच्या फळीवर हात घातला.

"आणि हा?"

रेझर. सगळं आवरलं आणि नेमका तोच राहिला!

बाईंनी रेझर उजेडात धरला, उलटसुलट केला. मग तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"पार गंजलाय," त्या हळूच म्हणाल्या. "फेकून द्या. पोरीच्या हाताला लागेल."

मग त्या मुलीसमोर खाली बसल्या. "बाळ, बाबा कुठे असतात?"

आईची नखं तळहातात रुतली.

"माहीत नाही," मुलगी म्हणाली. डोळ्यांची पापणीसुद्धा लवली नाही. "ते आमच्याकडे येत नाहीत."

बाईंनी सही केली. दारात थबकून म्हणाल्या, "काही लागलं तर ऑफिसात या. माझं नाव सांगा." आणि भराभर जिना उतरून गेल्या.

दार लागलं तशी आई हसत सुटली. किती दिवसांनी!

"बाई गं! काय बेमालूम बोललीस! मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं." तिनं पोरीचे पटापट मुके घेतले. "जा, काकूंकडून पिशवी आण. हल्ली ओव्हरटाइममुळे बाबांना जमत नसेल, पण या रविवारी आले तर चपला शोधत बसतील."

मुलगी जागची हलली नाही. तिनं वहीचा कागद फाडला, गंजका रेझर त्यात नीट गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग मागच्या दाराशी गेली आणि टाचा उंचावून कडी लावली.

"मी खोटं बोललेच नाही, आई," ती म्हणाली. "मी दुसरीत होते तेव्हापासून बाबा आलेले नाहीत."