लांब दस्त्याची बंदूक

“कापायचा नाही,” मेरिट म्हणाली.

दुकानदार हॅरल्डच्या एका हातात बंदूक होती, दुसऱ्यात मोजपट्टी. “अगं पोरी, फुकट कापून देतोय! दस्ता तुला लांब पडतोय. दोन बोटं कमी केली की खांद्यावर नीट बसेल.”

“नको.”

आर्वोनं सुस्कारा सोडला. तेरा वर्षांची नात, काठीसारखी उंच आणि तेवढीच बारीक. तिची पहिली बंदूक घ्यायची होती. खिशात चारशे डॉलर, हरणांचा हंगाम सहा दिवसांवर, आणि बाईसाहेबांचा हा हट्ट.

दोन महिने त्याच्या जिवाला घोर लागला होता. घरात त्याची जुनी थर्टी नॉट सिक्स होती. बंदूक नामी, पण धक्का असा देते की दात हलतात. मेरिट तिच्यावरच सराव करायची आणि दर वेळी खांदा चोळत म्हणायची, “आई गं! दुखतंय. हलक्या धक्क्याची घ्या ना, आजोबा.”

ते ऐकलं की आर्वोला जुनं आठवायचं. तिच्या आईला, म्हणजे सिल्व्हीला, त्यानं तेराव्या वर्षी हीच बंदूक दिली होती. धक्क्यानं वरची दुर्बीण मागं आली आणि पोरीची भुवई फुटली. पाच टाके पडले. त्या दिवसापासून सिल्व्हीनं ना बंदुकीला हात लावला, ना बापाबरोबर जंगलात पाऊल टाकलं. तीस वर्षं झाली, तो व्रण अजून जेवताना त्याच्या समोर असतो. नातही तशीच बिचकली तर?

त्यात गेलं वर्षही वाईट गेलेलं. हंगामाआधी खडीच्या खाणीत नेम जुळवायला बसला होता. मेरिट बंदूक भरून देत होती, तो मारत होता. मध्येच एक काडतूस फुसकं निघालं. चाप ओढला तर नुसती टिक्. मेरिटनं ते काढून खिशात टाकलं आणि दुसरं भरलं. चार दिवसांनी साठ पावलांवर हरीण उभं होतं, आणि आर्वोची गोळी लागली पोटात. दोन दिवस रक्ताच्या मागावर दलदल तुडवली, पण जनावर सापडलं नाही. आर्वोनं आधी काडतुसांना शिव्या घातल्या, मग दुर्बिणीला.

सिल्व्हीनं मात्र सरळ सांगितलं होतं, “बाबा, परत असं झालं तर बास. तुम्हीही जायचं नाही.” आणि तो नाही म्हणजे मेरिटही नाही. मोठं माणूस बरोबर नसेल तर पोरांना शिकारीला जाता येत नाही, तसा कायदाच आहे.

“स्वस्तच हवी असेल तर बारीक गोळीची टू ट्वेंटी थ्री घे,” हॅरल्ड म्हणाला. “काडतुसंही स्वस्त.”

“आणि हरीण नुसतं जखमी करून सोडू?” आर्वो उखडला. “एकदा झालं तेवढं पुरे.”

“मग थर्टी थर्टी.”

मेरिटनं ती खांद्याला लावली आणि परत ठेवली. “ही पण लाथ मारणारच.”

“मग राहिली टू फोर्टी थ्री. हरणाला पुरून उरते, आणि धक्का तुझ्या आजोबांच्या तोफेच्या निम्मा. आखूड दस्त्याची, पोरांच्या मापाची नवी आहे. नाहीतर ही जुनी, मोठ्या माणसाच्या मापाची. दोन्ही तीनशे ऐंशी.”

“जुनी. न कापता.”

“अगं, पण का?” आर्वो म्हणाला.

“मी वाढणार नाही का? पुढच्या वर्षी परत चारशे कुठून आणाल?”

आर्वोनं खिशातले पैसे चाचपले. हे चारशे आले होते, ते मासेमारीसाठी तळ्यावरचा बर्फ फोडायचं यंत्र विकून.

“आजोबा, तुम्ही लावून बघा ना खांद्याला. मला बघू दे कशी दिसते.”

त्यानं लावली. “ही कसली बंदूक? खेळणं आहे.”

“अरे, तूही एक घे की,” हॅरल्ड हसला. “आपल्या वयाला—”

“मला? त्यापेक्षा पाळण्यातच घाल ना मला!”

मेरिट हसली नाही. ती त्याच्या कोपराकडे बघत होती. हॅरल्डनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मोजपट्टी गुंडाळून खणात टाकली.

शनिवारी सकाळी दोघं खाणीत गेले. खडीवर दहिवर गोठलं होतं. आर्वोला रात्रभर झोप नव्हती.

त्यांच्याकडे शिकवायची एक जुनी रीत आहे. शिकवणारा पाठ फिरवून बंदूक भरतो, कधी खरं काडतूस, कधी वापरलेलं, रिकामं. मारणाऱ्याला ते ठाऊक नसतं. रिकाम्यावर टिक् होताना नळी हलली, की समजायचं, हा माणूस धक्क्याला भ्यालाय. मग त्याची गोळी कुठंही जाणार.

“आधी घरच्या थर्टी नॉट सिक्सनं मार,” तो म्हणाला. “किती बिचकतेस ते कळू दे.” पाठ फिरवून त्यानं रिकामं काडतूस घातलं. देवा, नळी फार हलू देऊ नकोस.

टिक्. नळी जागची हलली नाही.

त्यानं पुन्हा रिकामंच दिलं. टिक्. नळी दगडासारखी स्थिर. तिसऱ्यांदा खरं भरलं. खाण दणाणली आणि समोरच्या कागदी ताटलीला बरोबर मधोमध भोक पडलं.

“खांदा दुखला?”

“नाही.”

“मग दोन महिने ते आई गं, आई गं काय होतं? नाटकं?”

मेरिटनं घरची बंदूक उघडून जपून बाकावर ठेवली. मग जाकिटाच्या खिशात हात घातला आणि एक काळवंडलेलं काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं. थर्टी नॉट सिक्सचं, पुढं गोळी नसलेलं.

“गेल्या वर्षीचं आहे,” ती हळूच म्हणाली. “ते फुसकं नव्हतं, आजोबा. मीच रिकामं भरलं होतं, आणि टिक् होताना नळी हलली होती.”

आर्वोनं ते काडतूस बोटांत फिरवून पाहिलं. मेरिटनं दुकानातून आणलेली बंदूक उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“आता ही धरा. दस्ता तुमच्याच मापाचा ठेवलाय.”