घाटावरचा गवई

दिवेलागणीला ओसरीवर दोन रातकिडे गात होते आणि कीर्तनकार बुवांची बोटं मांडीवर दोघांचा ठेका धरू पाहत होती. तुळशीतला गावचा किडा द्रुत लयीत होता. किड्यांवर संशोधन करणाऱ्या लेकीने, कावेरीने, घाटमाथ्यावरून आणलेला दुसरा बर्फाच्या पेटीत होता. त्याची लय विलंबित.

"लय वेगळी, म्हणजे जातच नवी! आता दे तिला तुझ्या आईचं नाव," बुवा हरखले. कीर्तनात त्यांच्यामागे संसारभर झांज धरणारी ती माउली वर्षापूर्वीच गेली होती.

"माझे मार्गदर्शक सरही नवी जात म्हणून छापू म्हणतात. पण बाबा, दोघांचे पंख सारखे, जनुकंही सारखीच निघाली. एकटा आवाज वेगळं सांगतोय, आणि घाटावर थंडी असते." कावेरीने पेटीतली बरणी बाहेर काढून ठेवली.

ऊब लागली तशी घाटावरच्या गवयाची लय चढत गेली आणि तुळशीतल्या भावाला जाऊन मिळाली.

"ठेव, ठेव गं त्याला परत बर्फात!" बुवा कळवळले.

"ठेवून कसं चालेल, बाबा? जात एकच आहे." डोळे पुसत तिने सरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी देवळात हरिश्चंद्राचं आख्यान होतं. मध्यंतराला रिवाजाप्रमाणे बुवांच्या गळ्यात हार पडला. तो काढून त्यांनी समोर बसलेल्या लेकीला घातला.

"मंडळी, ही गोष्ट मी जन्मभर सांगत आलो," बुवा म्हणाले. "काल ती माझ्या ओसरीवर घडली."