विकलेलं बिल

फोन वाजला तेव्हा उमरठच्या देवळात टाळ्या चालू होत्या. भागोजीशेठनी गावकीच्या बैठकीत नुकतंच जाहीर केलं होतं, की यंदाच्या सप्ताहाचा सगळा तांदूळ त्यांच्याकडून. महाडच्या कारखान्यांत त्यांची कॅन्टीनं चालत. गाव त्यांना समोर काका म्हणे आणि मागे शेठ.

काकांना ऐकू कमी येई. म्हणून फोन ते नेहमी स्पीकरवर लावून तळहातावर धरत. आताही तसाच धरला.

"नमस्कार सर, मी पुण्याहून फायनान्स कंपनीतून सेजल बोलतेय. प्रवीण राइस मिलने तुम्हाला तांदूळ दिला, त्याचं बिल त्यांनी आम्हाला विकलंय. तुम्ही हो म्हणालात की आमचं कमिशन कापून लगेच त्यांच्या खात्यात पैसे जातील. मुदत झाली की ती रक्कम तुम्ही त्यांना न देता आम्हाला द्यायची. माल मिळाला आणि हे मान्य आहे, एवढंच सांगा."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

खांबाला टेकून बसलेला गिरणीवाला प्रवीण सरळ झाला. फायनान्स कंपनीच्या फॉर्मवर कॅन्टीनच्या हिशेबनिसाचा नंबर द्यायचा होता. त्याने काकांचाच दिला. काकांना वगळून त्यांच्या नोकराला विचारणं त्याला बरं वाटलं नव्हतं. सकाळी सांगायला म्हणून त्यांच्या अंगणापर्यंत गेला होता, आणि न सांगताच परतला होता.

"काय इकलंस तू, प्रवीण?" काकांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"बिल, काका."

"माझं बिल?"

"माझंच हाय ते. तुमच्या नावावरचं."

"म्हंजे माझं नाव इकलंस."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

देवळाखालच्या रस्त्यावर घाटावरच्या व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता. वाड्यांवरचे लोक भाताच्या गोणी उतरवून त्याच्याभोवती थांबले होते. दुपारपर्यंत प्रवीणने पैसे दिले तर भात त्याच्या गिरणीला, नाहीतर ट्रकमध्ये. ट्रक भरून गेला की गिरणीला पुढच्या पिकापर्यंत कुलूप. काकांच्या कॅन्टीनकडून पैसे यायला महिने लागत. भात तेवढा थांबत नाही.

"तुला पैसे पायजे होते तर माझ्या दारात यायचं," काका म्हणाले. "पुण्याच्या पोरीला कशाला सांगितलंस, का भागोजी पैसे देत नाय?"

"तसं नाय सांगितलं, काका."

"मग कसं सांगितलंस?"

प्रवीणच्या आधी फोनच बोलला. "सर, ऐकू येतंय का? त्यांनी तुमची तक्रार केलेली नाही. आम्ही बिल घेतो तेव्हा विकणाऱ्यापेक्षा ज्याने पैसे द्यायचे त्याची पत बघतो. तुमचं नाव चांगलं आहे, म्हणून तर त्यांना पैसे देतोय."

"बघा, काका!" बैठकीतून एक आवाज आला. काकांची मान जराशी वर झाली. पण त्यांनी हो म्हटलं नाही. फोन हातावर तसाच धरून ते गावाकडे वळले.

"माझं नाव चांगलं हाय, ते ह्या पोरीनं सांगायचं काय? तुम्ही सांगा. आजवर मी कुणाचे पैसे बुडवलेत?"

उत्तर लगेच येईल असं त्यांना वाटलं होतं. कॅन्टीनला दूध घालणारा चांगू चटईची काडी उपटत बसला. तिथेच गॅसच्या टाक्या पोचवणारा सुशांत छताकडे बघू लागला. वरचा पंखा फिरत राहिला. खाली ट्रकचं इंजिन सुरू झालं.

"सर? हो की नाही? आज उत्तर आलं नाही तर बिल परत पाठवावं लागेल."

प्रवीण उठून उभा राहिला. खाली ट्रककडे बघून पुन्हा बसला.

बायकांच्या बाजूने ठकूबाई बोलली. ती काकांची चुलती. त्यांना अरे-तुरे करणारी गावात ती एकटीच उरली होती.

"बुडवले कुणाचे नायस, भागोज्या. पण देतोस कधी रे तू?"

आता जे हसले ते खोकले नाहीत.

काकांनी देवाकडे पाहिलं, मग खालच्या रस्त्याकडे. ट्रकचं फाळकं उघडलं होतं आणि पहिली गोण दोघांनी उचलली होती.

"माल मिळाला," ते फोनमध्ये गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले. "मान्य हाय. त्याचे पैसे तुम्हालाच देईन."

प्रवीण चपला न घालताच पायऱ्या उतरत पळाला. "थांबवा रे, गोण खाली ठेवा!" हे त्याचं ओरडणं वर देवळापर्यंत ऐकू आलं.

काका फोन बंद करायला गेले. तेवढ्यात ठकूबाई उठून आली, तिने त्यांचं मनगट धरलं आणि तोंड फोनजवळ नेलं.

"बाय गो, ऐकतेस ना? ह्याच्या कॅन्टीनला लोणचं मी घालते. बिल-बिल काय नाय माझ्याकडं. देतो म्हणून सांगितलंय ह्यानं, तेवढंच हाय. ते घेशील काय इकत?"

चांगू चटईवरून पुढे सरकला. काकांनी फोन बंद केला नाही. पोरगी काय म्हणते ते ऐकायला तेही थांबले.