बोलून आपटायचं

बोटाला सुईची टोच.

थाइम घातलेल्या भोपळ्याच्या सूपचा वास.

लाकडावर आपटलेली डॉमिनोची सोंगटी आणि मागोमाग आरोळी, "फाइव्ह-टू!"

चाकांच्या बॅगेची घरघर, दाराशी येऊन थांबलेली.

"एकशे अठरा," सुजाता म्हणाली. "शुगर मस्त आहे, काका."

ही नर्स दर शनिवारी नोव्हायहून ड्राइव्ह करत डेट्रॉइटच्या या जमैकन क्लबात यायची, सगळ्यांची बोटं टोचायला. 'काका' हे एल्रॉयला आधी एखाद्या गोळीचं नाव वाटलं होतं.

"बॅग कुणाची?" त्यानं माहीत असून विचारलं.

"तुमचीच, डॅड." मुलगा कर्टिस त्याला न्यायला टेक्सासमधल्या प्लेनोहून आला होता. "फ्लाइट संध्याकाळी आहे. तिकडं नातवंडं आहेत. इथं तुम्ही एकटे."

"एकटा? एक शनिवार आलो नाही तर ही माणसं दार फोडतील."

"मागच्या थंडीत फोडलंच होतं," त्याची खेळातली जोडीदार मिस व्हर्ना म्हणाली. "हा आत बसून चोरून केक खात होता."

एल्रॉयनं खुर्ची ओढली. "कर्टिस, डॉमिनोचे सहा डाव. एक जरी जिंकलास तर निमूट येतो. सहाच्या सहा मी घेतले तर बॅग परत घरी."

कर्टिसला हा खेळ बापानंच शिकवलेला. त्यानं क्लबातला सगळ्यात तरबेज गडी जोडीला घेतला आणि पहिली सोंगटी हळूच पुढं सरकवली.

सगळा हॉल गप्प झाला.

"इथं बोलून आपटायचं," मिस व्हर्ना म्हणाली. "क्लबचा नियम आहे."

"मी मेंबर नाही."

"मग डाव सोड."

"थ्री-वन," कर्टिस पुटपुटला.

"टेक्सासमध्ये घसा नेऊ देत नाहीत वाटतं?" मिस व्हर्ना म्हणाली.

"थ्री-वन!"

एल्रॉयचा अंगठा हातातल्या सोंगट्यांवरून फिरला. कुणी काय टाकलं, कोण कुठं अडखळलं, सगळं त्याच्या डोक्यात ओळीनं मांडलेलं होतं. पहिला डाव त्यानं घेतला. दुसरा, तिसरा. भोवती खुर्च्या सरकत जवळ आल्या. पाचव्यानंतर सूप कुणी मागेना.

सहाव्यात एल्रॉयकडे एकच सोंगटी उरली. पाळी कर्टिसची. त्याची सोंगटी नुसतीच टेबलाच्या कडेवर टकटकत राहिली.

"तुझ्याकडं दुसरं काही नाही," एल्रॉय म्हणाला. "टाक."

"ब्लँक-फोर."

"डबल फोर!" एल्रॉयनं शेवटची सोंगटी त्या चाराला जोडून अशी आपटली की टेबलावरच्या सगळ्या सोंगट्या उडाल्या.

हॉल दणाणला. पातेल्यावर पळ्या वाजल्या, मिस व्हर्नाच्या टाचा फरशीवर थयथय नाचू लागल्या.

"काका, प्रेशर चेक करू?"

"आत्ता केलंस तर मशीन जाईल तुझं."

कर्टिसचा हात त्याच्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. "बॅग घरी टाकून येतो," तो म्हणाला. "माझ्यासाठी सूप ठेवा."

चाकांची घरघर दाराबाहेर गेली.

सोंगटी मोठ्यानं बोलून आपटायची, हा नियम क्लबात तीन वर्षांपूर्वी झाला, साखरेनं एल्रॉयचे दोन्ही डोळे गेले त्या महिन्यात.