जिन्याचे वळण

जिन्याच्या वळणावर लोखंडी चौकट पुन्हा अडकली.

"पुढच्या दोघी, हात वर! मागच्या दोघी, गुडघ्यात वाका!" कांचन खालून ओरडली. "जल्दी नको. श्वास सोडा, मग पाऊल."

चौघींनीही साठी ओलांडली होती. शशिकला, रजनी आणि शेजारच्या इमारतीतल्या दोघी जावा. खांद्यांवर गोविंदपुऱ्यातल्या वर्कशॉपमधून जोडून आणलेली पाइपांची चौकट, तिच्यावर वाळूच्या पिशव्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दारात, भर उकाड्यात शाल पांघरून, इंदुमतीबाई खुर्चीत बसल्या होत्या. संस्कृत शिकवण्यात हयात गेलेल्या या बाईंनी महाराणा प्रताप नगरातल्या एका जिममधून कांचनला शोधून आणले होते आणि चौघींना तिच्या हवाली केले होते. स्वतः मात्र त्या खुर्ची सोडत नसत. गुडघे, असे सगळे म्हणत.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

खालून वर येणारे दत्तात्रय पिंपळीकर खोळंबले. ते मराठी मंडळाचे चिटणीस. परंपरेच्या रक्षणासाठी परंपरा ठाऊक असावी लागत नाही, हे त्यांना पदावर आल्यावर उमगले होते.

"पालखी जिन्यावरून कधीपासून उतरायला लागली?" त्यांनी हसून विचारले.

"भाऊ, वर जायचंय ना?" शशिकला धापा टाकत म्हणाली. "मग भिंतीला चिकटा. आमच्यात ब्रेक नाहीत."

पालखीचा प्रश्न गेल्या वर्षीचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत बायकांनीही पालखी उचलावी, अशी सूचना शशिकलाने सभेत केली होती. दत्तात्रयरावांनी ती अत्यंत सौजन्याने फेटाळली. शास्त्राची हरकत नाही, ते म्हणाले, हरकत शरीराची आहे. तुम्हाला झेपणार नाही. तेव्हा शेवटच्या रांगेतून इंदुमतीबाईंनी एकच विचारले होते: "म्हणजे ताकद आली, तर हरकत नाही?" सभा खळखळून हसली. हसता हसता दत्तात्रयराव 'नाही' म्हणून गेले.

त्यामुळे अयोध्या नगरातल्या प्रत्येक मराठी घराला हा खटाटोप कशासाठी चालला आहे, ते ठाऊक होते.

होळीच्या सुमारास शशिकलाला पलंगाचा आधार घेतल्याशिवाय जमिनीवरून उठता येत नव्हते. रजनीची हाडे ठिसूळ झाली होती. कांचनने खुर्चीतून उठण्या-बसण्यापासून सुरुवात केली. मग हातांत भरलेल्या बादल्या आल्या आणि शेवटी खांद्यांवर भार. "या वयात हमाली करणार का?" असे रजनीच्या नवऱ्याने विचारले होते. एके दिवशी तिने दारातला भरलेला सिलिंडर उचलला आणि कुठे ठेवू, असे त्यालाच विचारले. त्या दिवसापासून तो बेताने बोलू लागला.

दत्तात्रयराव वर पोचले आणि तडजोडीला बसले.

"बाई, आरतीचा पहिला मान या वर्षी महिलांना देऊ. पण हे थांबवा. कुणी पडलं-झडलं तर?"

"पडू नये म्हणूनच चाललंय."

मागोमाग कांचन आली. "काकू, तुम्ही म्हणालात तशी खरंच अजून एक थैली कमी करू? मागच्या महिन्यातही कमी केली होती."

"कर."

दत्तात्रयरावांना राहवले नाही. "प्रगती उलटी दिसते! पालखीचं वजन याहून किती तरी जास्त आहे."

"असेल. यांना जेवढं पेलायचंय, तेवढंच ठेवलंय." बाई कांचनकडे वळल्या. "गणपतीपर्यंत तयार होतील?"

"इतकी घाई का, काकू? घाईत खांदे जातात. दिवाळीपर्यंत एकदम पक्क्या होतील."

"दिवाळी फार लांब आहे."

"आशिष काय म्हणतो?" दत्तात्रयरावांनी विचारले. इंदुमतीबाईंचा मुलगा कॅनडात होता.

"म्हणतो, आई, गरज लागली की माणसं मिळतात. त्याच्या वडिलांच्या वेळीही फोनवर हेच म्हणाला होता."

त्या वेळी मंडळातले कुणीही वेळेवर आले नव्हते; ती आठवण दत्तात्रयरावांना नकोशी होती. त्यांनी चहाचे कौतुक केले आणि ते उठले. जिन्यात चौघी पुन्हा वर चढत होत्या. या खेपेला चौकट वळणावर कुठेही घासली नाही. ते त्यांना अजिबात आवडले नाही.

गणपती बसले. आरतीला बायका आल्या. पण पालखीचा विषय निघाला की त्या दत्तात्रयरावांकडे नुसत्या बघत. त्या बघण्याने त्यांची झोप उडाली. त्यातच पालखीच्या नेहमीच्या भोयांपैकी एकाची कंबर धरली आणि दुसऱ्याची बदली झाली. कार्यकारिणी घाईने बसली. जे न्यायाला जमले नव्हते, ते गैरसोयीने साधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तात्रयराव नारळ घेऊन निघाले. परंपरा काळानुसार बदलली पाहिजे, असे एक वाक्य त्यांनी वाटेत तयार केले. स्वतःचे मन किती मोठे आहे, हे जाणवून त्यांचे डोळे किंचित पाणावले.

इंदुमतीबाईंचे दार सताड उघडे होते. बाहेर चपलाच चपला. आत चौघी पदर खोचून, दाराकडे पाठ करून, खाली बसल्या होत्या. पलीकडे कांचन उभी होती.

"मंडळानं एकमतानं ठरवलंय," दत्तात्रयराव उंबऱ्यातूनच म्हणाले. "विसर्जनाची पालखी या वर्षी तुम्ही चौघी उचलणार!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शशिकलाने मान वळवली, नारळाकडे पाहिले. पण हात पुढे केला नाही.

"आशिषचा फोन येऊन गेला," ती म्हणाली. "चार पुरुष बोलवा, म्हणाला. बायकांना झेपणार नाही."

"त्याचा काय संबंध? पालखी मंडळाची आहे."

"पालखी तुमचीच राहू दे, भाऊ. वाट सोडा."

"उठा," कांचन म्हणाली.

चौघी गुडघ्यांतून सरळ उठल्या, दाराकडे वळल्या, आणि त्यांच्या खांद्यांवरच्या बांबूंवर निजलेल्या इंदुमतीबाई दत्तात्रयरावांच्या समोरून घराबाहेर पडल्या.