रिव्हर्सआधी पिस्टन

"ज्याला इंजिन कळलं, त्याला अर्धं जग कळलं," सर म्हणाले, आणि गाडी बंद पडली.

नर्सबाईंनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. हॉर्न वाजला. मैदानाच्या कडेला झोपलेलं कुत्रं उठलं, गाडीकडे बघून पुन्हा झोपलं. पंधरा मिनिटांतला हा सहावा हॉर्न होता.

उद्या अकराला लायसन्सची परीक्षा. मागे वीस पावलांवर तेलाचे दोन रिकामे ड्रम उभे होते. त्यांच्यामधून गाडी रिव्हर्समध्ये आत घालायची, ड्रमला धक्का न लावता. परीक्षेत कठीण ते एवढंच, आणि बाईंना जमत नव्हतं तेही एवढंच. जमलं तर घरोघरी जाऊन पेशंट बघायची दिवसपाळी मिळणार होती. नाही जमलं तर रात्रपाळीचा वॉर्ड आहेच. शाळेत 'माझी आई' काढायला सांगितलं तेव्हा लेकीनं एक पलंग, एक चादर आणि चादरीबाहेर आलेले दोन पाय काढले होते. रंग मात्र छान भरले होते.

गाडी शिकवणाऱ्या ड्रायव्हरची दाढ सुजली होती. तासाभरापूर्वी गालाला हात लावून तो निघून गेला. जाताना म्हणाला, "काळजी करू नका, सर आहेत." सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. तीस वर्षं थिअरीचा तास तेच घेत आले होते. आताही शेजारच्या सीटवर बसून त्यांनी एक खराखुरा पिस्टन मांडीवर घेतला होता, नातवाला घ्यावं तसा.

"गाडी का बंद पडली, सांगा बघू."

"क्लच पटकन सुटला."

"ते झालं बाहेरचं. आत काय झालं?"

"सर, आत काय व्हायचं ते होऊ दे. ड्रम आरशात दिसायला लागला की स्टिअरिंग किती वळवू?"

सरांनी पिस्टन उचलला. "हा सिलिंडरमध्ये वर-खाली, वर-खाली..."

"आमच्या घरी आहे असा एक. दिवसभर वर-खाली, जात कुठेच नाही."

"कारण एकट्याच्यानं काही होत नाही, सिस्टर! एक व्हॉल्व्ह उघडतो, हवा आणि पेट्रोल आत येतं. पिस्टन ते दाबतो. स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो. दुसरा व्हॉल्व्ह उघडला की धूर बाहेर. आणि या सगळ्या वर-खालीचं गोल फिरणं करून चाकांकडे पाठवतो तो कोण?"

"क्रँकशाफ्ट."

"शाबास!"

"आमच्याकडे ते काम माझं. स्टिअरिंग किती वळवू, सर?"

"त्याआधी ऑइल," सर म्हणाले.

बाईंनी दात-ओठ खात गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला, अंदाजानं स्टिअरिंग वळवलं. डावा ड्रम ढण्णकन वाजला, आडवा झाला आणि घरंगळत गेला.

"ऑइल नसेल," सर शांतपणे म्हणाले, "तर हेच भाग एकमेकांना खातात."

"माझंही आता तेवढंच व्हायचं राहिलंय."

बाईंनी हँडब्रेक ओढला. खाली उतरून ड्रम उभा केला, पदर झटकला आणि परत येऊन बसल्या.

"सर, माणसाचं हृदय आतून कसं चालतं ते मला पाठ आहे. चार कप्पे, झडपा, सगळं. पण ऑपरेशन झालेल्या पेशंटला पहिल्यांदा उभं करते ना, तेव्हा त्यातलं एक अक्षर बोलत नाही. 'आजोबा, डावा पाय पुढे टाका' एवढंच म्हणते."

सरांनी थोडा विचार केला. "सांगून बघा एकदा," ते म्हणाले. "जास्त चांगलं चालतील."

"खाली उतरा, सर."

"काय?"

"उतरा आणि ड्रमपाशी उभे राहा. गाडी टेकायला आली की 'थांबा' म्हणायचं. त्याच्या पुढे-मागे एक शब्द नाही."

सर पिस्टनसकट उतरले.

गाडीत पहिल्यांदाच शांतता झाली. बाईंनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डावा शेजारच्या रिकाम्या सीटवर टाकला आणि आरशाचा नाद सोडून सरळ मान वळवून मागे पाहिलं. वॉर्डातल्या लिफ्टचं दार याहून अरुंद होतं. गेली बारा वर्षं त्या त्यात स्ट्रेचर मागे मागे घालत आल्या होत्या. वर कण्हणारा पेशंट, एका हातात सलाईनची बाटली, आणि लिफ्टमन डुलक्या घेणारा. आजवर कुणाचा कोपर दाराला घासला नव्हता.

क्लच हळूहळू सुटला. गाडी एक वीत मागे सरकली, थांबली. आणखी एक वीत. सरांनी तोंड उघडलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, हॉस्पिटलच्या भिंतीवरच्या फोटोतल्या बाईसारखं. सरांनी तोंड मिटलं.

गाडी आत गेली. दोन्ही ड्रम उभे होते.

बाईंनी ती बाहेर काढून पुन्हा घातली. मग तिसऱ्यांदा घातली. तिसऱ्यांदा त्यांनी हॉर्न मुद्दाम वाजवला. कुत्रं उठून दुसऱ्या मैदानाकडे निघून गेलं.

सर छाती पुढे काढून खिडकीशी आले. "बघितलंत, सिस्टर? एकदा इंजिन समजलं की गाडी मांजरासारखी मागे येते. उद्या तुम्हाला कुणी नापास करू शकत नाही. तीस वर्षं हेच सांगतोय मी लोकांना!"

"खरंय, सर," बाई म्हणाल्या. वाद घालायला त्यांच्याकडे आता वेळ नव्हता. आज रात्रपाळीला सुट्टी होती, लेक झोपायच्या आत घरी पोचायचं होतं. त्यांनी किल्ली काढून सरांच्या हातावर ठेवली, पर्स खांद्याला लावली आणि निघाल्या.

फाटकापर्यंत गेल्या असतील तेवढ्यात मागून धापा टाकत सर आले. एका हातात पिस्टन, दुसऱ्या हातात किल्ली.

"सिस्टर, एक छोटंसं काम होतं," ते इकडे-तिकडे बघत हळूच म्हणाले. "जाण्याआधी गाडी तेवढी शेडमध्ये लावून देता का? ड्रायव्हर एकदम उद्या सकाळी येणार. तोवर मैदानातच राहील हो ती."