चांगला रिपोर्ट

दिवसभर सुमेधाने लेकीला पलंगावरून उतरू दिलं नाही. छातीला वायरी चिकटवलेल्या होत्या आणि कमरेला बांधलेलं छोटं यंत्र हृदयाचा ठोका न् ठोका टिपत होतं. आज दोरीवरच्या उड्या नाहीत, भावाशी भांडणसुद्धा नाही. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं, तशी तिने पोर आवरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रिपोर्ट अगदी चांगला आहे. पण खेळताना धडधडतं म्हणाला होतात ना? काल खेळली का ही?"

"छे हो! हलूसुद्धा दिलं नाही मी," सुमेधा अभिमानाने म्हणाली.

"अहो, मग यंत्राला दिसणार काय? पुन्हा लावू. या वेळी रोजच्यासारखी खेळू द्या, आणि धडधडलं की हे बटण दाबा."

घरी येताच सुमेधाने स्वतःच लेकीच्या हातात दोरी दिली आणि उंबऱ्यावर बसली. अंगणात दोरी सपसप आपटू लागली. 'पुरे' हा शब्द तिने कितीदा तरी गिळला.

मग लेक थांबली. छातीवर हात ठेवून आनंदाने ओरडली, "आई, आलं, आलं! धडधडतंय!"

सुमेधा धावली. तिने आधी बटण दाबलं, मग लेकीला पोटाशी धरलं.